फुलं येतात, फळ धरत नाही: पहिल्या हंगामातल्या भाजीबागेच्या तक्रारींबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवर दहा-बारा कुंड्या, त्यात टोमॅटो, मिरची, दुधी, भेंडी, मेथी, कोथिंबीर आणि गाजर एकदमच लावलेलं. मेथी झकास आली. टोमॅटो छातीएवढा झाला, पण फुलं गळतात. दुधीला बोटाएवढी फळं दिसतात आणि पिवळी पडून झडतात. मिरचीची पानं आकसली. कोथिंबीर उगवलीच नाही, गाजराला नुसता पाला. रोज पाणी, दर आठवड्याला खत, आलटून पालटून तीन फवारण्या चालू आहेत आणि तुम्ही विचारताय, आणखी काय घालू?

निदान पंधरा दिवस काहीही घालू नका. गरज पडेल तेव्हा पाणी, बस्स.

हे तुम्हाला झटकून टाकायला म्हणत नाहीये. तुमच्या पत्रात काय काय घातलं याची यादी भली मोठी आहे. पण दुधीचं फूल कधी उमलतं, मिरचीचं पान वरच्या बाजूला वळलंय की खालच्या, कुंडीतली माती बोटभर खोल ओली आहे का कोरडी, यातलं एकही वाक्य नाही. ही माहिती नसताना केलेला उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नवी बाग दुर्लक्षाने मरते त्यापेक्षा लाडाने जास्त मरते, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. म्हणून एकेका झाडापाशी जाऊन काय बघायचं ते सांगतो.

दुधीपासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे आणि ते खताच्या गोणीत नाही. दुधीला नर फूल आणि मादी फूल वेगवेगळं येतं, एकाच वेलावर. नर फुलाचा देठ लांब आणि सरळसोट असतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली देठाच्या जागी लव असलेला इवलासा दुधी आधीच तयार दिसतो. तुम्ही ‘फळ लागलं’ म्हणताय ते बहुधा हेच. ते फळ नव्हे, फळ होण्याची शक्यता आहे. नर फुलातले परागकण तिथवर पोचले तर ते पोसतं, नाही तर दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळं पडून गळून जातं.

आता गंमत अशी की दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढेपर्यंत मलूल होतात. परागीकरण करतात ते मुख्यतः रात्रीचे पतंग. तुम्ही सकाळी पाणी घालायला जाता तेव्हा सगळा खेळ संपलेला असतो. उंच गच्चीवर पतंग पुरेसे येतीलच असं नाही, त्यामुळे ते काम आपण करायचं. दिवस मावळताना जा. ताजं उमललेलं नर फूल देठासकट खुडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा किंवा काढून टाका, मधला पिवळसर परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या फुगीर भागावर हलकेच फिरवा. बोटाला पिवळी पूड लागते ना बघा. लागली नाही तर फूल शिळं आहे, दुसरं घ्या. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं.

सगळ्या वेलांचं घड्याळ एक नसतं, हेही लक्षात ठेवा. दोडका दुधीसारखाच संध्याकाळचा. घोसाळं, कारलं, काकडी आणि भोपळा सकाळचे, आणि भोपळ्याचं फूल तर ऊन तापायच्या आत मिटतं. वेल नवा असताना सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हाही लोक घाबरतात. थोडं थांबलं की मादी फुलं यायला लागतात. कडक उष्णता आणि नत्राचा (नायट्रोजनचा) मारा असला तर नर फुलं वाढतात आणि मादी कमी होतात, म्हणजे दर आठवड्याचं खत इथेही आड येतंय. मुख्य वेल मांडवावर पोचल्यावर त्याचा शेंडा खुडला तर बगलफांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावर जास्त येतात, तेवढं करून बघा.

दुधी धरला की एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाळायची. चिरल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून पाहायचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेकून द्या. ते कडू द्रव्य विषारी असतं, शिजवून जात नाही, आणि कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. घरचा आहे, बिनऔषधाचा आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

टोमॅटोकडे या. गळून पडलेलं एक फूल उचला आणि देठ बघा. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक गाठीसारखा सांधा असतो. देठ त्या सांध्यावर सफाईने सुटला असेल तर झाडाने ते फूल स्वतः टाकून दिलंय. किडीने कुरतडलेला देठ असा दिसत नाही. तुमच्याकडे हेच झालं असणार असा माझा अंदाज आहे. झाड फूल टाकतं कारण त्यात फळ धरलं नाही. आणि फळ न धरण्याची दोन कारणं मला तुमच्या वर्णनातच दिसतात.

पहिलं नत्र. छातीएवढं झाड, गडद हिरवा पाला, जाडजूड खोड. हे वर्णन तुम्ही कौतुकाने लिहिलंय, पण नत्र भरपूर मिळालं की झाड पानं वाढवण्याच्या मागे लागतं आणि फळं लांबणीवर टाकतं. दुसरं तापमान. दिवसा पारा 35 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर जात असेल, किंवा रात्री तो 24 अंशांच्या खाली उतरतच नसेल, तर टोमॅटोचा पराग निकामी होतो. रात्री 12-13 अंशांच्या खाली थंडी गेली तरी तेच. अशा दिवसांत कुठलंही टॉनिक फळ धरवत नाही. झाड निरोगी ठेवायचं, हवा बदलायची वाट बघायची.

हवा बरोबर असेल तर मदत करता येते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पराग आत नळीसारख्या भागात असतो आणि तो थरथरल्यावर सांडतो. मोकळ्यावर वारा आणि काही जातींच्या मधमाश्या हे करतात. आडोशाच्या जागी सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मारली तरी पुरतं. मिरची आणि वांग्यालाही हे चालतं.

टोमॅटो धरल्यावर पुढची तक्रार येईल ती आत्ताच सांगून ठेवतो: फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होईल. लोक त्याला बुरशी समजून फवारतात. ती बुरशी नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. पाणी एक दिवस भरमसाट आणि दोन दिवस अजिबात नाही असं झाल्याने ते पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. कोणी एप्सम सॉल्ट घालायला सांगेल. त्यात मॅग्नेशियम असतं आणि जास्त मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. अंड्याची टरफलं वाईट नाहीत, पण ती कुजायला इतका वेळ लागतो की या हंगामाच्या फळाला त्यांचा उपयोग शून्य.

आता पाणी. माझ्या मते तुमच्या अर्ध्या अडचणींचं मूळ ‘रोज पाणी’ या दोन शब्दांत आहे. झाडाला रोज पाणी लागतं असा नियमच नाही. मुळांना ओलावा लागतो तशी हवाही लागते, आणि सतत चिंब मातीत हवा राहत नाही; मुळं कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वर पानं मान टाकतात. मान टाकलेली दिसली की आपण आणखी पाणी घालतो. झाड तहानेने मेलं असं वाटतं, मेलेलं असतं बुडून.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. टोकाला ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर घाला, पण मग खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला. वरवर शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच घुटमळतात आणि एका कडक उन्हात होरपळतात. लहान कुंडी उचलून बघायची सवय लावली तर आणखी सोपं. पाणी दिल्यावरचं वजन आणि द्यायच्या वेळचं वजन हाताला लवकरच कळायला लागतं. दुधीची मोठी पानं भर दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, त्याकडे लक्ष देऊ नका. सकाळी सकाळी लोंबलेली दिसली तर मात्र बोट घालून बघा.

एक फसवा प्रकार असतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेली माती पूर्ण वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी धरेनाशी होते. आपण घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहतं, ताटलीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं झाडाने पोटभर प्यायलं. आत मातीचा गोळा ठणठणीत कोरडा. अशा वेळी हळूहळू, थांबून थांबून, दोन-तीनदा पाणी द्यावं लागतं, किंवा लहान कुंडी असेल तर अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवायची. नंतर वरून वाळक्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर द्या. उन्हाळ्यात याच्याइतकं फुकटचं आणि कामाचं काही नाही. फक्त खोडाला चिकटवू नका.

कुंडीच्या आकाराबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण टोमॅटोला निदान 15 ते 20 लिटरची हवी, दुधीला त्याहून मोठी, मिरचीला दहा-बारा लिटर चालते, मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोलीचा पसरट ट्रेही पुरतो. लहान कुंडीत मोठं झाड लावलं की दिवसातून दोनदा पाणी देत बसावं लागतं. मात्र मोठ्या कुंड्यांचं वजन विसरू नका. 20 लिटरची भरलेली कुंडी पाणी दिल्यावर सहज 25 किलोपर्यंत जाते. त्या स्लॅबच्या मधोमध एका ठिकाणी गोळा करण्यापेक्षा भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर विखरून ठेवा, विटांवर किंवा स्टँडवर, म्हणजे खालून पाणी निघून जाईल.

खत. कुंडीतल्या मातीवर पांढरट पापुद्रा आलाय का आणि पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या झाल्यात का, बघा. झाल्या असतील तर क्षार साठलेत. त्यावर उपाय म्हणजे एकदा साध्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढणे, खालून बराच वेळ पाणी वाहू देणे. पुढे मोठ्या कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं कंपोस्ट पुरे. फळं धरल्यावर थोडं वाढवा. शेणखत वापरत असाल तर हातात घेऊन वास घ्या. कुजलेल्या खताला मातीचा वास येतो आणि ते हाताला गरम लागत नाही. उग्र वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्यातल्या अमोनियाने कोवळी मुळं जळतात. केळीच्या सालींचं पाणी, चहापत्ती, भाज्यांची देठं, हे सगळं थेट कुंडीत न घालता कंपोस्टच्या डब्यात घाला. कुंडीत ते कुजताना नत्र ओढून घेतात, शिवाय चिलटं आणि मुंग्या होतात ते वेगळंच.

मिरचीकडे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागेल, कारण आकसलेल्या पानाला ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणून मोकळं होता येतं, पण कारणं निरनिराळी असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला होडीसारख्या वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि शेंडा झटका. पापणीच्या केसापेक्षा बारीक, पिवळट-तपकिरी रेघा कागदावर चालायला लागल्या तर खात्री झाली. पानं खालच्या बाजूला वळून अरुंद, लांबट, कडक झाली असतील तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड; ती साध्या डोळ्याला दिसत नाही, भिंग लागतं. आणि शेंड्याकडची पानं अगदी बारीक होऊन गुच्छासारखी झाली असतील, झाडाची वाढच खुंटली असेल, आणि झाड हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडत असतील तर विषाणू. पहिल्या दोन प्रकारांत झाड सावरतं, नवा शेंडा चांगला येतो. तिसऱ्यात नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्या, नाही तर तीच माशी ते दुखणं शेजारच्या मिरचीला देईल. जीव तुटतो, पण इलाज नाही.

फुलकिड्यांवर निंबोळी तेल चालतं, पण पद्धत सांभाळा. एक लिटर पाण्याला 5 मिलि तेल. आधी तेलात थोडा द्रव साबण फेटून घ्यायचा, मग पाणी. नुसतं तेल पाण्यावर तरंगतं आणि फवाऱ्यातून कधी नुसतं पाणी येतं, कधी नुसतं तेल. फवारा संध्याकाळी, कारण त्यातला परिणामकारक घटक उन्हात टिकत नाही आणि उन्हात तेलकट पानं भाजतात. पानांच्या खालच्या बाजूला फवारायचं, किडी तिथेच असतात. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघायचं. आठवड्याने पुन्हा. निंबोळीने किडी पटापट मरत नाहीत, त्यांचं खाणं आणि वाढ थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून दुसरं औषध काढू नका. तुमच्या तीन फवारण्यांत गंधक असेल तर ते आणि तेल यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाही तर पानं करपतात. कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी मात्र कृपा करून बंद करा.

तुम्ही लिहिलंय की भेंडीवर ‘मावा आणि काळ्या काटेरी अळ्या’ होत्या आणि त्या अळ्या तुम्ही वेचून मारल्या. त्या कशा होत्या? लांबट, सहा पायांच्या, राखाडी-काळ्या, पाठीवर नारिंगी ठिपके, आणि माव्याच्या मधोमध फिरणाऱ्या? तसं असेल तर त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोंडस लेडीबर्ड किडा, त्याचीच पोरं. दिसायला भयंकर, पण मावा खाऊन फस्त करतात, मोठ्या किड्यापेक्षाही जोमाने. पानाखाली उभी रचलेली पिवळी, लांबुळकी अंडी दिसली तर तीही राहू द्या. भेंडीचं पान खाणाऱ्या अळीच्या आसपास कुरतडलेली भोकं आणि काळी लेंडी दिसते. ती नसेल तर मारायची घाई नको. नुसता मावा असेल तर पाण्याची जोरदार धार मारली तरी बराच जातो. मुंग्या वर चढत असतील तर आधी त्यांना अडवा, त्या माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात.

कोथिंबीर आणि गाजर थोडक्यात. धणा म्हणजे दोन बिया जोडलेलं फळ असतं. हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, सेंटीमीटरभर खोल पेरा आणि उगवेपर्यंत वरचा थर वाळू देऊ नका. आठ ते पंधरा दिवस लागतात. बरेच जण दहाव्या दिवशी ‘बी खराब निघालं’ म्हणून माती उकरतात. कडक उन्हाळ्यात ती नीट उगवत नाही आणि उगवली तरी लगेच फुलावर जाते. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं असेल तर ते वाकडंतिकडं होणार, ते जागेवरच पेरायचं. दाट उगवलेलं असेल तर विरळणी करून दोन रोपांत 5 सेंटीमीटर अंतर ठेवा. हे करायला हात धजत नाही, मला ठाऊक आहे, पण न केल्यास नुसता पालाच मिळतो, तुम्हाला मिळाला तसा. कुंडी निदान फूटभर खोल हवी, आणि खडे चाळून काढलेली माती.

मेथी का आली, तर ती फळ धरायच्या भानगडीत पडायच्या आतच आपण ती उपटतो. तीन-चार आठवड्यांत काम तमाम. म्हणून पुढच्या हंगामात बेत असा ठेवा: मेथी किंवा पालक दर पंधरवड्याला थोडा थोडा पेरत राहा, जोडीला भेंडीच्या दोन-तीन कुंड्या, एक मिरची, एक टोमॅटो. दुधी ठेवायचा तर संध्याकाळी गच्चीवर जायची तयारी असेल तरच. लावण्याआधी एक दिवस दर दोन तासांनी वर जाऊन कुठे ऊन आहे, कुठे सावली, ते बघा; फळभाज्यांना थेट ऊन सहा तास तरी लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. ऋतू बदलला की सावली सरकते, तेव्हा पुन्हा बघा.

शेवटचं तुम्ही विचारलं होतं, याच फळांचं बी धरता येईल का. भेंडीचं सहज येईल. चांगल्या झाडावरची एक भेंडी न तोडता वाळू द्यायची, तडकायच्या बेतात आली की काढायची. पण बाकी भेंड्या एक दिवसाआड तोडत राहा, सगळ्याच वाळू दिल्या तर झाड नवी फुलं काढणं आवरतं घेतं. टोमॅटोचं पाकीट शोधा. त्यावर एफ-1 लिहिलं असेल तर ते संकरित आहे, पुढच्या पिढीत फळं सारखी निघणार नाहीत. सुधारित किंवा देशी वाण असेल तर पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट पेल्यात घेऊन दोन-तीन दिवस आंबू द्या, बीवरचं बुळबुळीत आवरण सुटेल, मग धुऊन सावलीत वाळवा. दुधीचं बी यंदा धरू नका. आसपास कोणाचा दुसरा वेल असेल तर पतंगांनी कुठला पराग आणून टाकलाय ते कळायला मार्ग नाही, आणि कडू निघण्याची जोखीम त्यातही असते. नवं पाकीट आणा.